जुन्या गाडीचं दुखणं ओळखायचं कोणी: कंपनीचं वर्कशॉप, इलेक्ट्रिशियन, गिअरबॉक्सवाला की आपण स्वतः?

गाडीला दहा-बारा वर्षं झाली की दोन प्रकारची दुखणी हमखास मागे लागतात. एक विजेचं: सकाळी सेल्फ जड जातो, मीटरवरचा पिवळा दिवा विझायचं नाव घेत नाही, काच अर्ध्यातच अडकते. दुसरं गिअरचं: रिव्हर्स टाकताना खर्र होतं, तिसरा सटकतो, न्यूट्रलला उभ्या गाडीतून घरघर ऐकू येते. दोन्हींत पार्टपेक्षा चुकीचं निदान महाग पडतं. नवी बॅटरी बसते आणि दोष अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या तारेत, निघतो. गिअरबॉक्स खाली उतरतो आणि बिघाड क्लचच्या केबलचा असतो.

संभाजीनगरात राहणाऱ्याला सगळे पर्याय हाताशी आहेत. हिंगोली, किनवट, परांडा, गंगाखेडकडच्या माणसाला मात्र कंपनीच्या वर्कशॉपला जायचं म्हणजे एक दिवस मोडायचा आणि गाडी चालत नसेल तर टोचन करून न्यायची. त्यामुळे ‘कंपनीतच न्या’ किंवा ‘गावातला मिस्त्रीच बरा’ अशी सरसकट उत्तरं इथे उपयोगाची नाहीत. मी आधी समोरच्याचं पोट कशावर चालतं ते बघतो. वर्कशॉपची कमाई पार्ट बदलण्यात, बॅटरीवाल्याची बॅटरी विकण्यात, गिअरबॉक्सवाल्याची बॉक्स खोलण्यात. यात कोणी लबाड असतोच असं नाही, पण ज्याचं जे काम त्याला तेच दुखणं आधी दिसतं. म्हणून गाडी लावतानाच सांगावं: आधी फक्त दोष शोधा, शोधण्याचे पैसे वेगळे घ्या, कामाचं नंतर बघू. हे ऐकून जो कुरकुर करतो, त्याच्याकडून निदान करून घेऊ नये.

सेल्फ जड जातो, बॅटरी उतरते

या दुखण्यात घरची तपासणी सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यांत खरी. चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा. १५ च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, आणि तो बॅटरीही उकळवून मारतो.

खरी मेख याच्या पुढे आहे. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. जुन्या गाड्यांत हे फार आढळतं, आणि बॅटरीच्या दुकानात कोणी ते बघत नाही.

वर्कशॉपमध्ये बॅटरीला टेस्टर लावून छापील चिठ्ठी देतात. बॅटरीपुरती ती भरवशाची असते. पण चिठ्ठी बॅटरीबद्दल बोलते, पट्टीबद्दल नाही. जुना इलेक्ट्रिशियन इथे बाजी मारतो. तो जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनला लावतो. सेल्फ झटक्यात फिरला की निदान झालं, पाच मिनिटांत.

पण इलेक्ट्रिशियन निवडताना एक परीक्षा घ्या. अल्टरनेटर तपासायला जो चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. जुन्या अॅम्बेसिडर-जीपला ते खपून जायचं. कॉम्प्युटर असलेल्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटरच, जळू शकतो. तसाच दुसरा प्रकार बल्बच्या टेस्ट लॅम्पचा. हेडलाइट, हॉर्न, फ्यूजसाठी तो उत्तम. सेन्सरच्या बारीक वायरींवर किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर तो टेकवणारा माणूस तुमच्या गाडीसाठी नाही.

उन्हाळा हा आपल्याकडचा वेगळाच हिशेब. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि बॅटरीचं आयुष्य थंडीपेक्षा उष्णता जास्त खाते. फरक इतकाच की मेलेली बॅटरी डिसेंबरच्या सकाळी उघडी पडते. पाणी भरायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी ओतणारेही कमी नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरातल्या भांड्यांवर दिसतंच.

रात्रीतून बॅटरी कोण पितं?

ही तक्रार वर्कशॉप आणि इलेक्ट्रिशियन दोघांनाही आवडत नाही, कारण वेळ खूप जातो. गाडी बंद करून, दारं लावून, आतली सगळी मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) झोपेपर्यंत अर्धा तास थांबावं लागतं आणि मग मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत घालून करंट मोजावा लागतो. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी एका रात्रीत मरत नाही, पण लग्नाला गेलात आणि गाडी तीन दिवस उभी राहिली तर ३६ अँपिअर-अवर गेले. चौथ्या दिवशी धक्का. मग एकेक फ्यूज काढत जायचं. जो फ्यूज काढल्यावर करंट खाली येतो, चोर त्या रांगेत.

हे काम आपण स्वतः करावं, किंवा निवांत दुपारी इलेक्ट्रिशियनच्या दुकानात बसून करून घ्यावं. चोर बहुतेक वेळा कंपनीने बसवलेला नसतो. अॅक्सेसरीच्या दुकानात लावलेला म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, एलईडीच्या पट्ट्या, प्रेशर हॉर्न: वायर सोलून पिळा मारायचा, वर टेप गुंडाळायची, दोन उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळून जोड उघडा. कंपनीच्या वर्कशॉपला असा जोड दिसला की ‘बाहेरचं काम आहे’ म्हणून ते हात वर करतात किंवा पूर्ण वायरिंग हार्नेसचं (वायरींच्या आख्ख्या जुडग्याचं) कोटेशन देतात. त्याच हार्नेसमधल्या पाच खराब वायरी चांगला इलेक्ट्रिशियन सोल्डर करून, हीट श्रिंक नळी चढवून नीट करतो. इथे मी डोळे झाकून त्याच्या बाजूने आहे.

उंदरांचंही तसंच. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा कापूस साठवलेल्या वाड्यात गाडी उभी असेल तर बॉनेटखालची वायर कुरतडली जाणारच. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) तेव्हा एका वेळी सहा-सात दोषांचे कोड दाखवतो. कोडच्या मागे न धावता आधी टॉर्च घेऊन बॉनेट उघडा.

दिवा पेटलेला राहतो: स्कॅनर कोणाचा?

आता तराजू फिरतो. भारतात ओबीडी-२ ची (गाडीने आपले दोष स्वतः ओळखून कोडमध्ये सांगायच्या पद्धतीची) सक्ती २०१३ च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाडीला हजार रुपयांच्या आतलं ब्लूटूथ डोंगल लावलं तर काही दिसेल, काही दिसणार नाही. त्यानंतरच्या गाडीतही असलं डोंगल बहुतेक इंजिनपुरतं बोलतं. एबीएस, एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअर यांची दारं त्याला सहसा उघडत नाहीत. तिथे कंपनीचा किंवा चांगल्या मल्टिब्रँड गॅरेजचा स्कॅनर लागतो.

पण स्कॅनर लावणं म्हणजे निदान नव्हे. पी-०३३५ हा कोड आला की ‘क्रँक सेन्सर गेला’ असं सांगून टाकतात. कोड फक्त सेन्सरच्या सर्किटबद्दल असतो: सेन्सर, त्याची वायर, तेलाने माखलेला कनेक्टर, यांतलं काहीही. बॅटरी उतरलेली असताना तर कोडांची रांगच लागते. आधी बॅटरी चार्ज करावी, कोड लिहून घेऊन पुसावेत, गाडी फिरवावी आणि जो परत येईल तोच खरा मानावा. कोडनंतर कनेक्टर काढून मीटर लावणारा मुलगा कंपनीत असो की टपरीत, तो चांगला. कोड बघून थेट पार्टची ऑर्डर देणारा, गळ्यात कितीही चकचकीत ओळखपत्र असलं तरी, टाळावा.

गिअर: आधी पायाने आणि कानाने

मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बाबतीत स्कॅनरला फारसं काम नाही. बरंचसं निदान अंगणात, फुकटात होतं.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर एकही नीट पडत नाही, रिव्हर्सला तर जास्तच खर्र होतं: क्लच पूर्ण सुटत नाही. केबल, क्लचचं ऑइल, मास्टर-स्लेव्ह सिलिंडर बघा. बॉक्सला हात लावू नका. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, खरखर असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणारी पितळी कडी. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे बॉक्स उतरेल पण खुलणार नाही. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो दोन मिनिटांत कळतो.

चढावर, उदाहरणार्थ मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने चढताना, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट संपली. उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून काढताच तिसरा सटकतो, तर शिफ्ट फोर्क किंवा गिअरचे दाते झिजलेत. मात्र त्याआधी इंजिनचं माउंटिंग बघायला सांगा. फाटलेलं माउंटिंग इंजिन हलू देतं आणि गिअर बाहेर फेकतं. वळताना कटकट येत असेल तर तो गिअरबॉक्स नाहीच, अॅक्सलचा जॉइंट आहे.

शेवटची तपासणी ऑइलची. ड्रेन प्लगमधून थोडं काढून कापडावर पसरा. पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो झिजतेय. पोलादाचे कण नखाला लागले तर बेअरिंग किंवा दाते. ऑइल बदलताना गाडीच्या पुस्तकात जीएल-४ हा गिअर ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर जीएल-५ भरू देऊ नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत आणि गिअर पडायला अजून जड होतात. ‘साहेब, जाड ऑइल टाकू, आवाज बंद होईल’ हा सल्ला गाडी विकायची असेल तर कामाचा.

मॅन्युअलला मी कंपनीपेक्षा गिअरबॉक्सच्या मिस्त्रीला पसंती देतो, एका अटीवर: त्याने आधी गाडी स्वतः चालवून बघितली पाहिजे. कंपनीत बहुतेकदा आख्ख्या असेंब्लीचा आकडा पुढे येतो. मिस्त्री एक रिंग, दोन बेअरिंग, सील बदलून बॉक्स बांधतो. मारुती, टाटा, महिंद्राच्या चालू मॉडेलला हे सुटे भाग मिळतात. शेवरलेची विक्री २०१७ अखेर बंद झाली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं; अशा गाडीचा बॉक्स खोलण्याआधी पार्ट मिळतो का ते विचारा. नाहीतर गाडी महिनाभर ठोकळ्यांवर.

एएमटी असेल तर उलटं

२०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक, आली आणि पहिल्या गाड्या आता जुन्या झाल्या. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच आणि गिअर मोटर-पंपाने हलतात. त्यामुळे तिचं ‘गिअरचं’ दुखणं पुष्कळदा विजेचं निघतं. बॅटरी कमजोर, पंपाचा रिले चिकटलेला, ब्रेकचा स्विच खराब असल्याने न्यूट्रलमधून गिअरच पडत नाही. क्लच बदलल्यावर नव्या क्लचची ओळख कॉम्प्युटरला करून द्यावी लागते आणि ती सोय असलेला स्कॅनर प्रत्येक गॅरेजात नसतो. म्हणून एएमटीला पहिली पायरी घरचा मल्टिमीटर, दुसरी थेट कंपनीचं वर्कशॉप. ८०-९० किलोमीटर जावं लागलं तरी. गिअरबॉक्सचा मिस्त्री सगळ्यांत शेवटी. सीव्हीटी आणि डबल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल तालुक्याच्या गावात चर्चाही करू नका.

बांधायचा की दुसरा बसवायचा?

बॉक्स खोलल्यावर दाते तुटलेले निघाले तर भंगारातला, चालू काढलेला बॉक्स स्वस्त पडू शकतो. मॉडेल आणि इंजिन तेच हवं, बॉक्सवरचा नंबर जुळवावा, इनपुट शाफ्ट हाताने फिरवून खडखड ऐकावी, ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय म्हणून सोडून द्यावा. आणि बसवून चालवल्यावर आवाज आला तर परत घ्यायची बोली चिठ्ठीवर लिहून घ्यावी. चिठ्ठी मिळत नसेल तर मी आपलाच बॉक्स बांधून घेईन.

गाडी चौदा वर्षांची असेल तर खर्चात आणखी एक रक्कम धरा. पंधराव्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण येतं; खासगी कारची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर, आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते.

बॉक्स कोणत्याही कारणाने उतरला की क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील एकदम बदलून घ्या. लेबर एकच लागतं. बॉक्स परत चढताना तिथे उभे राहा आणि अर्थिंगची पट्टी घासून, पक्की आवळून घेतली का ते बघा. ती सैल राहिली तर सेल्फचा करंट क्लच किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल आतून जळते. मग गिअर परत जड होतो, मालक गिअरबॉक्सवाल्याशी भांडतो, आणि दोष दहा नंबरच्या एका बोल्टचा असतो.