पद्मिनीचा पंप: नवा घेतला आणि जुनाच भरून आणला

दिवे घाटात मस्तानी तलाव खाली दिसायला लागला की अण्णांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवतो तो वॉटर पंप; मेस्त्रींनी त्याच्या पोटाखालच्या बारीक भोकावर बोट फिरवलं. बोट ओलं. “सील गेलंय, ताई.”

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गळलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. एका स्पेअरवाल्याने मला ते चक्क एम-सीलने बुजवायला सांगितलं होतं! तसं केलं की बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं, शाफ्ट डगमगतो, आणि या गाडीत पंखा पंपाच्याच पुलीवर. म्हणजे डगमगता पंखा समोर आदळणार, पुढचा नंबर रेडिएटरचा.

नाना पेठेत आधी नवा पंप घेतला, बिनब्रँडचा, १,४५० रुपये. दिसायला चकचकीत. इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक, पत्र्याचा होता. पत्र्याचं एवढं काही नाही, पण तो शाफ्टवर नीट दाबलेलाच नव्हता; इंपेलर आणि बॉडीमध्ये माझं नख सहज जात होतं. एवढी फट असली की पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी जागीच घुसळतं. मोकळ्या रस्त्याला ठीक, स्वारगेटच्या सिग्नलला गाडी तापलीच. दुकानदार म्हणे, “बसवलेला माल परत नाही.” बिलावर मात्र तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दुकानात जुना ओरिजिनल, खोक्यासकट, किंमत तिप्पट. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण पडून पडून सीलचं रबर कडक होतं. विचारलं तर म्हणे, “फ्रेश पीस आहे.” गाडी निघायची थांबून वीस वर्षं उलटली, पंप फ्रेश कुठून येणार?

शेवटी अण्णांचाच पंप घेऊन गल्लीतल्या एका लेथवर गेले. काकांनी शाफ्टसकट नवं बेअरिंग घातलं, नवं सील बसवलं, बिडाचा इंपेलर घासून परत दाबला आणि न विचारता फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट दाखवली. मग पुली हाताने फिरवून पंप कानाला लावला. नऊशे रुपये. “उद्या या” म्हणाले, मिळाला पाचव्या दिवशी. मधे गुरुवारची सुट्टी आली, मग त्यांच्याकडे लग्न. पंप आणि इंजिनच्या मधे बसवायला सोबत दिलेलं पॅकिंगही फारच पातळ. पहिल्याच दिवशी पाझरलं, मेस्त्रींनी जाड शीटमधून दुसरं कापलं.

चार महिने झाले. घाट दोनदा चढले, काटा मधेच. बोअरचं पाणी बंद केलं, आता कूलंट घालते.

बसवताना फॅन बेल्ट तेवढा तारेसारखा ताणू देऊ नका, नवं बेअरिंग त्यानेच जातं. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे.