साखर एकदम सोडावी की हळूहळू कमी करावी?

वजन उतरवण्यासाठी साखर सोडायचे ठरवले की दोन मार्ग समोर येतात: एका दिवशी ती पूर्ण बंद करणे किंवा चमच्याचमच्याने कमी करत जाणे. मी दोन्ही मार्ग अवलंबून पाहिले आहेत आणि माझे मत असे आहे की, निवड करण्याआधी आपल्या पोटात साखर नेमकी कुठून जाते हे पाहावे. आमच्या घरी दोन माणसांना महिन्याला तीन किलो साखर लागत असे, म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी शर्करा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांहूनही कमी असावी; २००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. आमची मर्यादा किराण्याच्या साखरेनेच गाठली होती. बिस्किटे, सॉस, जॅम यांचा हिशेब अजून व्हायचाच होता.

एकदम बंद करण्याचा मोठा फायदा म्हणजे रोज स्वतःशी वाद घालावा लागत नाही. मला पहिले चार दिवस डोकेदुखी आणि चिडचिड सोसावी लागली, पण ती ओसरली. अडचण पुढे आली. अकराव्या दिवशी एका बारशाला पेढा खाल्ला आणि ‘आता मोडलेच’ म्हणून पुढचे दोन आठवडे काहीच पाळले नाही. ज्यांचे दिवस चार घरच्या गोडाधोडाशिवाय जात नाहीत, त्यांना हा मार्ग टिकवणे कठीण आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करूच नये.

हळूहळू कमी करण्याचा मार्ग चहाला फार चांगला लागू पडतो. मी आधी चमचाच तोलून पाहिला: सपाट चमच्यात चार ग्रॅम साखर भरली, शीग लावलेल्या चमच्यात सात. केवळ बोटाने शीग उतरवली आणि तीन कपांच्या सहा चमच्यांमागे दिवसाची १८ ग्रॅम साखर वाचली. चवीत फरक पडल्याचे घरात कोणाच्या लक्षातही आले नाही. मग दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. आता बाहेरचा चहा मला अतिशय गोड लागतो.

पुड्यातल्या पदार्थांना मात्र ही रीत चालत नाही, कारण त्यांतली साखर आपल्या हातात नसते. वेष्टनावर ती लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशा नावांनी येते, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असल्यामुळे पहिल्या तीन नावांत यांपैकी काही दिसले तर तो पदार्थ घरात न आणणे हाच उपाय उरतो. बिस्किटाचा पुडा घरी आणून रोज दोनच खायची, हे मला एकदाही जमलेले नाही.

तिसरा मार्ग म्हणून अनेकजण गुळाकडे वळतात. वजनाच्या दृष्टीने त्यात लाभ नाही, कारण ग्रॅममागे गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच असतात. चवीसाठी गूळ घ्यावा, पण तो साखरेच्याच हिशेबात धरावा. साखरविरहित गोडीच्या गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजननियंत्रणासाठी त्या वापरू नयेत असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू केलेला नाही. माझा आक्षेप अधिक साधा आहे: गोळीमुळे जिभेची गोडाची सवय मोडत नाही.

म्हणून ज्यांची साखर मुख्यतः चहातून जाते त्यांनी ती टप्प्याटप्प्याने उतरवावी आणि ज्यांची पुड्यांतून व शीतपेयांतून जाते त्यांनी ती खरेदीच थांबवावी. दोन्हीकडून जात असेल तर आधी पुडे बंद करावेत. मात्र चार वाजताच्या बिस्किटांची जागा शेव-फरसाणाला देऊ नये. ३० ग्रॅम शेवेत दीडशेच्या वर कॅलरी असतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत साखर सोडूनही माझे वजन जागचे हलले नाही, ते या शेवेमुळेच. तिच्या जागी भाजलेले चणे आणि ताक आले, तेव्हा कुठे काटा खाली येऊ लागला.