खोळ बदलायला गेले आणि चावी देऊन आले

गाडीची चावी जाड होती, एवढंच या सगळ्याचं मूळ. काळं फुगीर डोकं, त्यावर रिमोटची तीन बटणं आणि पुढे न दुमडणारं लांब पातं. जीन्सच्या खिशात ठेवली की बसताना मांडीत रुतायची. पर्समध्ये टाकली की तळाशी जाऊन बसायची आणि पात्याच्या टोकाने अस्तर उसवायची. बायकांच्या कपड्यांना खिसे शिवणाऱ्यांनी गाडीची चावी आयुष्यात कधी पाहिलेली नसावी. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

त्यात जड चावीबद्दल कधीतरी वाचलेलं डोक्यात होतं. २०१४ साली जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण इग्निशनचा स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने चावी आपोआप मागे फिरायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. माझी गाडी त्यांतली नाही, पण चावी हलकी करायला मला तेवढं निमित्त पुरेसं होतं. खरं कारण खिसाच.

तर मी एका चावीवाल्याकडे गेले. बाहेर फलक होता, जाड चावी स्लिम करून मिळेल. आत काचेखाली दुमडणाऱ्या चाव्यांच्या रिकाम्या खोळी, म्हणजे बाहेरची प्लॅस्टिकची आवरणं, मांडलेल्या. बटण दाबलं की पातं टच्‌कन बाहेर येतं, पुन्हा दाबून हाताने दुमडलं की आत. मी चार वेळा दाबून बघितलं. तिथेच माझं गिऱ्हाईक झालं.

त्याने समजावलं तेही पटण्यासारखं होतं. जुन्या चावीचं पातं प्लॅस्टिकमध्येच ओतलेलं असतं, ते सुटं निघत नाही. म्हणून नवं पातं घ्यायचं, जुन्यावरून मशीनवर कापायचं आणि रिमोटचं सर्किट उचलून नव्या खोळीत बसवायचं. हे सगळं खरं आहे. मग म्हणाला, "ताई, चिपचं वेगळं बघावं लागेल. ती डोक्यात चिकटवलेली असते, काढताना फुटते. फुटली की गाडी चालू होणार नाही. त्यापेक्षा नवीन चिप टाकतो, मशीनने प्रोग्रॅम करून देतो. थोडे जास्त होतील." ते थोडे म्हणजे आधी ठरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट होते.

मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण चिप फुटेल म्हटल्यावर मी घाबरले. आपल्याला न कळणाऱ्या वस्तूची भीती घातली की आपण पाकीट उघडतो.

त्याने स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या खाचेला, मशीन लावलं, काहीतरी दाबत बसला. मला फोन आला म्हणून मी बाजूला गेले. परत आले तेव्हा नवी चावी तयार होती. बारीक, गुळगुळीत, तळहातात मावणारी. गाडी चालू झाली, रिमोट वाजला, मी खूश. जुन्या चावीचं डोकं आणि पातं काउंटरवर पडलं होतं. त्याने ते उचलून खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवर उघडला तेव्हा आत अशीच पुष्कळ डोकी दिसली, काहींना पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. बिलाऐवजी चिठ्ठी मिळाली, तीवर "चावी काम" आणि रक्कम.

इथे जरा थांबून चावीच्या आत काय असतं ते सांगते, कारण हे आधी माहीत असतं तर मी तिथून उठून आले असते.

अशा चावीत तीन वेगळ्या गोष्टी राहतात आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. पातं कुलूप फिरवतं. रिमोटचं सर्किट दारं उघडतं. त्याला सेल लागतो. आणि तिसरी ती चिप, इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणाऱ्या सोयीची. नखापेक्षा लहान काळी वडी किंवा काचेची बारीक नळी. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं वेटोळं असतं, ते बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर तिला जागं करतं, ती आपली ओळख सांगते आणि ती पटली तरच इंजिन चालू राहतं. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची झाली, कॅनडात २००७ पासून. काही मॉडेलांत चिप रिमोटच्या सर्किटमध्येच असते, काहींत खोळीच्या कप्प्यात सुटी बसवलेली. आपलीत कुठे आहे हे कळायला सोपा उपाय आहे. सर्किट काढून बाजूला ठेवायचं आणि उरलेल्या चावीने गाडी चालू करून बघायची. झाली, तर चिप खोळीत आहे.

आता मुद्दा. सर्किट आहे तेच आणि चिप आहे तीच नव्या खोळीत गेली, तर गाडीला काही बदलल्याचं कळतच नाही. शर्ट बदलला म्हणून माणूस बदलत नाही. खोळ बदलायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. तरी कोणी मशीन लावत असेल, तर तो खोळ बदलत नाहीये, तुमच्या गाडीला एक नवी चावी जोडतोय. मग जुनी कुठे जाते हे विचारायलाच हवं. मी विचारलं नाही.

चिप फुटते हेही अगदीच खोटं नाही. काही कंपन्या ती गोंदाने पक्की बसवतात आणि काचेची नळी खरंच नाजूक असते. पण हात बसलेला माणूस डोकं ब्लेडने कडेने कापतो, चिपला धक्का न लावता काढतो, आणि नाहीच निघाली तर जुनं डोकं तुमच्या हातात परत ठेवतो. खोळीचा तो तुकडा तुमचा आहे, कारण त्यात तुमच्या गाडीची चालती चिप आणि तुमच्या कुलपाचं पातं आहे. म्हणजे त्याने काउंटरवरून उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं ती माझ्या गाडीची पूर्ण चावी होती, फक्त बटणांशिवाय. मी पैसे देऊन ती त्याला दिली आणि वर धन्यवाद म्हणाले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकले होते. प्रत्यक्ष उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे ठीक गेले. मग रिमोट दाराला चिकटून दाबला तरच चालायला लागला. पाठोपाठ पातं. आधी कुलपात जरा अडकायला लागलं, मग एका संध्याकाळी उजेडात धरून बघितलं तर किंचित पीळ पडलेला. वरचा चकचकीत मुलामा कडांवर घासून गेला होता आणि खाली राखाडी, मऊ धातू दिसत होता. असं पातं कुलपात तुटलं तर अर्धं आतच राहतं. ते काढायला पुन्हा चावीवालाच लागतो, म्हणजे धंद्याला धंदा.

रात्री मी खोळीचा एकच स्क्रू काढून चावी उघडली. जुन्या चावीत सेल सीआर २०३२ होता. त्यातले शेवटचे दोन आकडे जाडी सांगतात, ३.२ मिलिमीटर. बारीक खोळीत तो मावला नसता, म्हणून इथे सीआर २०१६ होता, व्यास तोच, जाडी १.६. व्होल्ट सारखेच तीन, पण साठा निम्म्याहून कमी. तेवढंही चाललं असतं. पण सेलची क्लिपच त्याने उखडून काढली होती आणि तारेचे दोन तुकडे थेट सेलवर डाग देऊन (सोल्डर करून) चिकटवले होते. एका बाजूला कथलाचा ओबडधोबड गोळा, शेजारी सर्किटवर करपल्याचा तपकिरी डाग. बटणाच्या सेलला असा थेट डाग देऊ नका असं सेल बनवणारेच सांगतात, उष्णतेने तो आतून खराब होतो. आणि संपल्यावर बदलायचा कसा? बदलायचाच नाही, नवी चावी करायची.

दुसऱ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. माझी तक्रार रिमोटची होती. तिथल्या तंत्रज्ञाने स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघत विचारलं, "मॅडम, चाव्या किती आहेत तुमच्याकडे?"

"दोन. ही, आणि एक साधी घरी आहे, बिनबटणांची."

"गाडी तीन म्हणतेय."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. नोंदलेल्या चाव्या, आणि पुढे आकडा, ३. मला आधी वाटलं मशीन चुकलं. मग तो ड्रॉवर डोळ्यासमोर आला. चिकटपट्ट्यांसकट.

मी तडक त्या चावीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, जुनी खोळ कचऱ्यात गेली, ठेवून काय करायचंय?" मी ड्रॉवर दाखवायला सांगितला. त्याने उघडला, आत पेचकस आणि पट्ट्या होत्या. डोकी नव्हती. "विश्वास नसेल तर पैसे परत घ्या," असं म्हणून त्याने पाकीट काढल्यासारखं केलं आणि मी पैसे नको, चावी हवी म्हटल्यावर आत ठेवलं. "खोळ माझ्याकडे नाही" असं तुम्ही लिहून द्या म्हटलं, तर त्याला तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चिठ्ठीवर दुकानाचं नावही नव्हतं, माझ्या गाडीचा नंबरही नव्हता. नवऱ्याने नंतर विचारलं की मग तू नेमकं काय सिद्ध करणार? त्याचं बरोबर होतं. तरी पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घेतली. उद्या गाडी गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागू शकते, आणि माझ्याकडे मूळ एकच आहे हे तेव्हा सांगण्यापेक्षा आत्ता कागदावर असलेलं बरं.

त्याने चोरीसाठीच ठेवली असं मी म्हणत नाही. कंपनीची चिप आणि कंपनीचं पातं यांना त्यांच्या धंद्यात किंमत असते, तेवढ्यासाठीही ठेवली असेल. पण चिकटपट्टीवर बॉलपेनने काय लिहितात, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरने सगळ्या चाव्या गाडीच्या मेमरीतून पुसल्या आणि समोर असलेल्या दोनच पुन्हा नोंदवल्या. स्क्रीनवर २ आलं. आता जुन्या डोक्यातल्या चिपने इंजिन चालू होणार नाही. तुमच्याकडे कधी असं काम झालं असेल तर हा आकडा एकदा बघून घ्या, स्कॅनर लावणाऱ्याला फार वेळ लागत नाही. फक्त त्यावर पूर्ण विसंबू नका. काही चिप मशीनवर जशाच्या तशा उतरवून घेता येतात. ती नक्कल गाडीला मूळ चिपच वाटते, म्हणून आकडा वाढत नाही आणि मूळ चिप पुसून पुन्हा नोंदवल्यावरही नक्कल चालत राहते. यात नवल नाही; २००५ मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीज या संगणक-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी त्या काळी लाखो गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या चिपचं ४० बिटांचं गुप्त कूट उलगडून दाखवलं होतं. म्हणून चावी नजरेआड होऊ द्यायचीच नाही. फोन आला तर येऊ दे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या जाड रिमोटलाही हल्ली कार्डासारख्या पातळ खोळी मिळतात. तिथे चिप बहुधा सर्किटवरच असते, त्यामुळे वेगळ्या चिपची भाषा कोणी केली तर आणखी सावध व्हा. आणि आत लपवलेलं सुटं पातं परत घ्यायला विसरू नका. सेल संपल्यावर दार त्यानेच उघडतं.

माझं म्हणाल तर उपाय घरातच होता. ती दुसरी साधी चावी, बारीक, बिनबटणांची, कपाटात वर्षानुवर्षं पडलेली. तिच्यात चिप आहे, पातं कंपनीचं आहे, खिशात टोचत नाही. आता तीच वापरते. दार हाताने उघडावं लागतं, पावसात चिडचिड होते. ती टच्‌कन उघडणारी सुंदर चावी सर्किट काढून ठेवून दिली आहे.

राहिलं ते पातं. चिप पुसता आली, पण दाराच्या कुलपाला आकडे नसतात. जुन्या पात्याने ते आजही उघडेल. सगळी कुलपं बदलायचा खर्च ऐकून मी अजून विचारच करते आहे. तोवर गाडीत काहीच ठेवत नाही, छत्रीसुद्धा नाही.