शिक्षण धोरणात पीएच.डी.: नाशिकचं केंद्र, देवनार की दिल्ली?

नाशिकमध्ये राहून शिक्षण धोरणावर पीएच.डी. करू म्हणणाऱ्यांपुढे व्यवहारात तीन वाटा दिसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मान्यता असलेलं इथल्याच एखाद्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयातलं संशोधन केंद्र, मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे टिस, आणि दिल्लीची नीपा, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक योजना आणि प्रशासन संस्था. मी या तिन्ही वाटा चाचपून पाहिल्या. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा), जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) यांची माहिती तुम्हाला असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

मुक्त विद्यापीठ तर आपल्या गोवर्धनलाच आहे, मग घरी बसूनच पीएच.डी. का होऊ नये, असं बरेच शिक्षक विचारतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. होत नाही. अर्धवेळ होते, पण त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक (क्रेडिट) तुम्हालाही चुकत नाहीत. घरबसल्या पदवीचं आमिष कुणी दाखवत असेल तर दुरूनच नमस्कार करा.

आता घराजवळच्या केंद्राबद्दल. त्याची बाजू भक्कम आहे आणि ती हलक्याने घेऊ नये. नोकरी टिकते, घर मोडत नाही. प्रबंध मराठीत लिहिता येतो, आणि माझ्या मते हा फार मोठा फायदा आहे. ज्या शिक्षकाने वीस वर्षं मराठीतून विचार केला, मराठीतून अहवाल लिहिले, त्याच्या डोक्यातलं सगळं इंग्रजी प्रबंधात उतरेलच असं नाही. पुण्याला मधूनमधून जावं लागतं. थेट लोहमार्ग नाही आणि चाकणची कोंडी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेवढं सोसता येतं. दोन-तीन वर्षं रजा मिळणं अशक्य असेल, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर हा पर्याय मी मनापासून सुचवेन. महिलांना कमाल मुदतीत दोन वर्षांची जादा सूट आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा नियमातच आहे. ती हक्काने मागा.

तरीही मी तिथे थांबलो नाही, आणि त्याचं कारण एकच.

माझा प्रश्न पेठ-सुरगाणा या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या शाळांचा होता. २०२३ मध्ये राज्य सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवली. मुलांना वाहनाने न्यायचं, असं त्यात गृहीत होतं. शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम मात्र पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा द्यायला सांगतात. घाटाच्या अंगाला, पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत या दोन गोष्टींचा मेळ कोण घालतं? केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद की मंत्रालय? आणि शाळा लांब गेली की आधी कोणाची मुलं गळतात? मला हे शोधायचं होतं.

एका केंद्रात मी हा आराखडा मांडला. समिती सौजन्याने बोलली, कुणी टाकून बोललं नाही. पहिला प्रश्न आला, "यात स्वाश्रयी चल कोणता आणि आश्रयी चल कोणता?" म्हणजे कोणत्या घटकाचा कशावर परिणाम तपासणार? मग परिकल्पना, म्हणजे तपासायचा अंदाज, विचारली; न्यादर्श, म्हणजे पाहणीसाठी निवडलेला गट, विचारला. शेवटी मदतीच्या भावनेनेच एक शीर्षक सुचवलं गेलं: समूह शाळांविषयी प्राथमिक शिक्षकांच्या अभिवृत्तीचा चिकित्सक अभ्यास. शंभर शिक्षक, एक प्रश्नावली, ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष अशी विभागणी, आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-चाचणी. तीन वर्षांत सहज होईल, असंही सांगितलं.

होईलही. असे अभ्यास वाईट असतात असं मी म्हणणार नाही. वर्गातल्या अध्यापनाचा प्रश्न असेल, एखादा कार्यक्रम तयार करून त्याची परिणामकारकता तपासायची असेल, तर ही पद्धत नेमकी त्यासाठीच आहे, आणि तिथले मार्गदर्शक तिच्यात मुरलेले आहेत. पण धोरणाचा प्रश्न तिच्यात मावत नाही. शिक्षकांना योजना आवडते की नाही हे मोजून, ती योजना का आली, पैसा कुठे अडला, यादीत कोणती शाळा आली आणि कोणती सुटली, यातलं काहीच हाती लागत नाही. पाड्यावरचं मूल त्या शीर्षकातून पार निघून गेलं होतं. त्याच्यासाठी तर मी हा खटाटोप मांडला होता. पाच-सहा वर्षं ज्या प्रश्नासोबत काढायची, तो पहिल्याच बैठकीत वाकवावा लागत असेल तर पुढचं सगळं निरस होतं. मला ते सोसवलं नसतं.

देवनारला माझा तोच आराखडा गेला. तिथेही त्याची चिरफाड झाली, उलट जास्तच झाली. पण प्रश्न वेगळे होते: शाळा बंद करण्याचा निर्णय कोणत्या कार्यालयात होतो, त्याची कागदपत्रं मिळतील का, कोकणा आणि वारली वस्त्यांत फरक दिसतो का, आश्रमशाळांचं जाळं या हिशेबात कुठे बसतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, त्याचा उपयोग कसा करणार, हेही विचारलं. माझा प्रश्न तिथून अधिक अणकुचीदार होऊन परत आला. सोबतचे विद्यार्थी समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांतून आलेले असल्यामुळे चर्चेत एकच साचा चालत नाही.

दिल्लीबद्दल मला आदर आहे. धोरण, नियोजन, वित्त, प्रशासन यांचे तिथे स्वतंत्र विभाग आहेत. आजच्या यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या माहितीसाठ्याची पूर्वपीठिका असलेली डायस ही शाळांच्या आकडेवारीची यंत्रणा तिथेच वाढली, आणि शैक्षणिक नियोजनावरचं नियतकालिकही तिथूनच निघतं. तुमचा प्रश्न अनेक राज्यांची तुलना करणारा असेल, केंद्र सरकारच्या निधीचा असेल, समग्र शिक्षा अभियानाच्या खर्चाचा असेल, तर नीपासारखी जागा नाही. माझी अडचण साधी होती. माझे सगळे शासन निर्णय, सभांची इतिवृत्तं, पालकांच्या मुलाखती मराठीत. तिथे प्रत्येक चर्चेआधी अर्धा वेळ अनुवादात गेला असता. शिवाय सुरगाण्यात पाऊस लागला, शाळेत वाहन येणं थांबलं, तर ते दिल्लीत बसून कळून काय उपयोग? देवनारहून मंत्रालय त्याच शहरात, आणि नाशिक रोड पंचवटी एक्स्प्रेसच्या अंतरावर. सकाळच्या पंचवटीने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं, हे नाशिककराला समजावून सांगायला नको.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. मुंबईत त्यात भागतं, शिल्लक फारशी राहत नाही. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतात, तेव्हा अर्धवेळ नोंदणी करताना त्या हिशेबात धरू नका. फेलोशिप नसताना आणि घरची जबाबदारी अंगावर असताना नोकरी सोडून देवनारला जा, असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

अर्ज करण्यापूर्वी संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या हाताखाली झालेल्या प्रबंधांची शीर्षकं वाचा. सगळी एकाच ठशाची असतील तर तुमचंही शीर्षक त्याच ठशात जाण्याची शक्यता मोठी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे तपासा. सहाय्यक प्राध्यापकाला ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी एवढीच मर्यादा असल्याने जागा आहे का हे आधी पत्र लिहून विचारा. आराखड्याचं दोन पानी टिपण सोबत जोडा. उत्तरात ते तुमच्या प्रश्नाबद्दल काही विचारतात की फक्त विषय 'घेऊ' म्हणतात, यावरून बरंच कळतं.

नाशिक सोडणं शक्यच नसेल आणि आपला प्रश्नही सोडून देववत नसेल, तर मधली एक वाट आहे. नोंदणी इथल्या केंद्रात करा, आणि राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र विभागातला सहमार्गदर्शक नियमांत बसवून घेता येतो का, ते नोंदणीपूर्वीच लेखी विचारा. संशोधन सल्लागार समितीतही धोरण जाणणारं एक माणूस असावं, असा आग्रह धरा. पुण्यात जे. पी. नाईकांनी उभी केलेली भारतीय शिक्षण संस्था आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या या माणसाने शिक्षणाकडे समाजाच्या आणि सरकारच्या अंगाने पाहण्याची परंपरा आपल्याकडे रुजवली. तिथल्या लोकांना भेटून या. प्रवेशासाठी नेटचे गुण वर्षभरच ग्राह्य असतात, म्हणून जूनच्या परीक्षेला बसणार असाल तर मार्गदर्शकांना पत्रं निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच धाडा.