मोनोहल की कॅटमरान: पोराबाळांसह नांगरावर राहायचं असेल तर

शिडाच्या बोटीवर आठवडाभर कुटुंबासह राहायचं ठरलं, फुकेत, लंकावी की सेशेल्स हेही साधारण ठरलं, की घोडं अडतं ते बोटीपाशी. केबिन किती, टॉयलेट किती, पाण्याची टाकी केवढी, हे सगळं भाड्याने देणाऱ्यांच्या कागदावर छापलेलं असतं. ते इथे पुन्हा देत नाही. मी मोनोहल (एकाच हलीची, म्हणजे एकाच बुडाची बोट) आणि कॅटमरान (दोन हली शेजारी-शेजारी जोडलेली) अशा दोन्ही प्रकारच्या बोटींवर बिऱ्हाड थाटलंय. कधी आई-बाबा बरोबर, कधी मित्राचं अख्खं कुटुंब, कधी आम्ही चौघेच. आता माझा कल ठरलेला आहे. तुमचाही तोच असावा असा आग्रह नाही, पण कारण ऐकून घ्या.

आपल्याकडच्या बहुतेकांचं शिडाचं शिक्षण मुंबईच्या गेटवेसमोर झालेलं असतं. गढूळ पाणी, तळाला चिखल, उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतार, दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, आणि संध्याकाळी बोट पाण्यावर तरंगणाऱ्या बॉयला बांधून माणूस घरी जेवायला. फार तर मांडवा, खांदेरी-उंदेरीच्या बाजूला चक्कर. त्यामुळे बोट निवडताना आपण चालत्या बोटीचा विचार करतो: वाऱ्यावर किती चढते, किती कलते, वेग काय. कुटुंबाच्या सुट्टीत मात्र बोट दिवसाला तीन-चार तास चालते आणि उरलेला वेळ कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगरावर उभी असते. पोहणं, जेवण, दुपारची झोप, पत्ते, भांडणं, रात्रीची झोप, सगळं तिथेच. तेव्हा परीक्षा नांगरावरच्या बोटीची घ्यायला हवी. आणि मांडव्याच्या फेरीतल्या कॅटमरानवरून तर काहीच अंदाज बांधू नका. ती इंजिनावर धावते आणि तिच्यात रात्री कोणी झोपत नाही.

कॅटमरानची बाजू भक्कम आहे, ती आधी मांडतो. चालताना कलत नाही, त्यामुळे चहाचा कप ठेवला तिथेच राहतो. ज्यांना बोट लागते त्यांचे हाल कमी होतात (अजिबात होत नाहीत असं नाही, कॅटची हालचाल छोटी पण झटक्याची असते, काहींना तीच सोसत नाही). स्वयंपाकघर आणि बसायची जागा वर, उजेडात, कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बैठकीच्या) पातळीवर. भाजी चिरणारा माणूस खाली तळघरात डांबला जात नाही. पुढे दोन हलींमध्ये ताणलेल्या जाळीवर पोरं तासन्‌तास लोळतात. दोन कुटुंबं असतील तर एक हल त्यांची, एक आपली. सकाळी उठल्याउठल्या एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत, आणि याची किंमत तिसऱ्या दिवसानंतर कळते. बूड उथळ असल्यामुळे किनाऱ्याच्या बरंच जवळ जाता येतं. फुकेतजवळच्या फांग न्गाच्या आखाताचा उत्तरेकडचा भाग असा उथळ आहे की मोनोहलवाल्याला लांब उभं राहून डिंगीने (बरोबरच्या छोट्या होडीने) ये-जा करावी लागते.

गुडघेदुखीवाली माणसं बरोबर असतील तर निकाल जवळपास लागलाच. मोनोहलच्या आत उतरायचा जिना म्हणजे खरं तर शिडीच. आईला ती दिवसातून दहादा चढ-उतर करायला लावणं बरं नव्हे.

मोनोहलच्या बाजूने पहिला मुद्दा पैशाचा. त्याच लांबीची कॅट साधारण दीडपट, मोसमात कधी दुपटीच्या जवळ जाते. दुसरा मुद्दा हवेचा. नांगरावर बोटीचं तोंड सहसा वाऱ्याकडे असतं, आणि पुढच्या केबिनवरची झडप उघडली की वारा आत घुसून थेट मागच्या जिन्यातून बाहेर पडतो. फेब्रुवारीतल्या थायलंडच्या रात्री याला मोल आहे. भाड्याच्या कॅटवर बहुतेकदा जनरेटर आणि एसी असतो, मग झडपा बंद करून जनरेटर सुरू. ज्या निर्जन किनाऱ्यासाठी एवढे पैसे मोजले तिथे रात्रभर मोटरची घरघर ऐकायची, आणि ती आपल्याच बोटीची असल्यामुळे तक्रारही कोणाकडे करायची नाही. तिसरा मुद्दा शिडाचा: मोनोहल कलते, सुकाणूवर वाऱ्याचा जोर हाताला कळतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण खरंच बोट हाकतोय असं वाटतं. कॅटच्या चाकावर ते फारसं जाणवत नाही. पण हे माझं मत आहे, आणि मी लहानपणापासून कलणाऱ्या बोटींवरच शिकलेला माणूस आहे.

एवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं. ठरवलं ते एका आवाजाने.

कॅटच्या दोन हलींना जोडणारा जो मधला भाग असतो, त्याचा तळ पाण्यापासून फूट-दोन फूट उंच, सपाट. समोरून छोट्या, आखूड लाटा आल्या की त्या दोन हलींच्या मध्ये कोंडल्या जातात, उंचावतात आणि त्या सपाट तळावर खालून आपटतात. मध्ये हवा अडकते आणि धाडकन आवाज येतो. तोही सारख्या अंतराने नाही. तीन छोटे थपथप, मग शांतता, मग तुम्हाला डोळा लागणार इतक्यात एक दणका. बऱ्याच कॅटवर पलंगाचा आतला अर्धा भाग नेमका याच तळावर असतो, म्हणजे महालक्ष्मीचा धोबीघाट थेट उशीखाली. पहिल्या रात्री आई उठून बसली आणि म्हणाली, "अरे, खाली कोण दार वाजवतंय रे?"

हे मोठ्या समुद्रात होतं असं लोक सांगतात, आणि होतंच. पण आडोशाच्या जागीही होतं, याचा मला अंदाज नव्हता. फांग न्गात हिवाळी मोसमात वारा ईशान्येचा. भरतीचं पाणी दक्षिणेकडून आखातात शिरतं, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. दोन्ही समोरासमोर आले की हातभर उंचीच्या, पण उभ्या आणि आखूड लाटा उठतात. कॅटचं बूड उथळ आणि अंग मोठं, त्यामुळे ती प्रवाहापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकते. तोंड वाऱ्याकडे, आणि लाट बरोबर मधल्या बोगद्यात. पहाटेपर्यंत भरती संपते, आवाज थांबतो, आणि सहा वाजता पहिली लाँगटेल बोट शेजारून जाते. तिच्या लाटेने पुन्हा दोन दणके.

बोट जितकी भरलेली तितकी ती खाली बसते आणि हा तळ पाण्याच्या जवळ येतो. कॅटला वजन अजिबात मानवत नाही. आता आपलं सामान बघा: तांदळाची पिशवी, तीन प्रकारची पिठं, लोणच्याच्या बरण्या, पिण्याच्या पाण्याचे कॅन, बर्फाच्या पेट्या, वर डिंगी, जनरेटर आणि आठ-दहा माणसं. बोटीचं रेखाचित्र काढणाऱ्याने जी उंची धरली होती तिच्यातली बरीचशी आपण धक्क्यावरच खर्च करतो.

मुख्य म्हणजे यावर उपाय नाही. जागा बदलायची, नाहीतर वारा पडायची वाट बघायची. नांगराच्या चेनपासून दोन्ही हलींना जाणारा दोरांचा जो जोड असतो, तो लांब-आखूड करून बोट थोडी तिरकी करता येते. आम्ही केली, आवाज कमी झाला, गेला नाही. तळ काही उचलता येत नाही.

मोनोहलवाल्यांना याच वेळी कोणीतरी विचारणार की तुमची बोट लोळते त्याचं काय? लोळते. नाकारत नाही. सेशेल्सला मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा व्यापारी वारा वाहतो आणि त्या काळात प्रालँ बेटाचा आन्स लाझियो हा किनारा वाऱ्यापासून झाकलेला असतो. दिसायला स्वर्ग. पण लाट वाऱ्यासारखी अडत नाही, ती बेटाच्या टोकाला वळसा घालून आत येते. बोटीचं तोंड किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याकडे आणि लाट कुशीवर. मग डोलकाठी घड्याळाच्या लंबकागत इकडून तिकडे, कपाटातली एकच वाटी रात्रभर टकटकत राहते, झोपलेलं पोर या भिंतीवरून त्या भिंतीवर. पंगतीत वाढलेली आमटी कुठे जाईल सांगता येत नाही. शेगडी मात्र झुलती असते, त्यामुळे कुकर सरळ राहतो. आसपासचं सगळं कललेलं आणि कुकर तेवढा शांतपणे शिट्टी देतोय, हे बघायला मजा येते.

पण याला इलाज आहे, आणि तो अर्ध्या तासाचा आहे. पुढे, चेनवर हाताला येईल तिथे एक जाड दोर घसरणार नाही अशा गाठीने बांधायचा. तो बोटीच्या बाहेरून, रेलिंगच्या सगळ्या खांबांबाहेरून मागे आणायचा आणि लाटेच्या विरुद्ध बाजूच्या विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) घ्यायचा. मग पुढून आणखी आठ-दहा मीटर चेन सोडायची. ताण दोरावर आला की बोट हळूहळू वळते, वारा तिला एका कुशीवर धरून ठेवतो आणि तोंड लाटेकडे येतं. विंचवर थोडं ओढून, थोडं सोडून कोन जमवायचा. लोळणं थांबून नुसतं पुढेमागे झुलणं उरतं, आणि त्यात पोरं झोपतात. दोर बाहेरून न आणता आतून आणला तर रेलिंगचा खांब वाकतो, तेवढं लक्षात ठेवा. जागा अरुंद असेल तर मागून दुसरा नांगर टाकायचा. शेजारी इतर बोटी एकाच नांगरावर फिरत असतील तर तो टाकू नये, वारा फिरला की त्या तुमच्यावर येतील.

म्हणून माझं पारडं मोनोहलकडे झुकतं. एकीचा त्रास मोठा पण हातातला, दुसरीचा छोटा पण हाताबाहेरचा, आणि रात्री दोन वाजता मला हातातला परवडतो. तुमचा स्वभाव वेगळा असेल. दोर-गाठींचा खटाटोप नको, सुट्टीत सुट्टीच हवी असं असेल, किंवा बरोबर सत्तरीचे आई-वडील असतील, तर कॅटच घ्या आणि कानात कापूस घाला. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. आई-बाबांना पुन्हा न्यायचं झालं तर मीही तेच करेन.

जागेनुसारही थोडा फरक पडतो. लंकावीला बेटांमधल्या अरुंद गल्ल्यांत बाहेरची लाट पोचतच नाही, तिथे लोळण्याचा प्रश्न जवळपास मिटतो आणि मोनोहलचं पैशाचं गणित आणखी सरस ठरतं. सेशेल्सला उलट, तिथे पाणी मोकळ्या हिंदी महासागराचं, आणि दोर बांधायचा कंटाळा असणाऱ्याने मोनोहल घेऊ नये. क्युरियूझ बेटाच्या लाराई बेमध्ये, जिथे किनाऱ्यावर महाकाय कासवं मोकळी फिरतात, तिथे दोन्ही प्रकारच्या बोटी सुखाने राहतात. प्रसिद्ध जागांच्या मागे मात्र लागू नका. थायलंडमधली माया बे प्रवाळाची वाट लागल्यामुळे २०१८ मध्ये बंद केली होती, २०२२ मध्ये उघडली ती बोटींना आत मज्जाव करूनच. ज्या निनावी आडोशाला दिवसाच्या सहलीवाले चार वाजता निघून जातात, तो आपला.

मोनोहल ठरवलीत तर एक खबरदारी. नव्या बनावटीच्या मोनोहल मागून फार रुंद आणि सपाट असतात. मागून लाट आली की मागच्या केबिनमध्येही थपथप ऐकू येते. कॅटइतकी नाही, पण येते. जुनी, अरुंद बुडाची मिळाली तर भाडंही कमी आणि झोपही बरी. नव्यावर जायचं झालं तर पोरांना मागच्या केबिनमध्ये झोपवा, त्यांना दहा मिनिटांत झोप लागते, आणि पुढची केबिन स्वतःकडे ठेवा. चेन घासल्याचा आवाज तिथे आधी ऐकू येतो, म्हणजे नांगर सरकला तर कळायला उशीर होत नाही.

आणि पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की बोटीवर दुसरा नांगर आहे का, त्याला पुरेसा लांब दोर आहे का, आणि शिवाय वीस-पंचवीस मीटरचा एक मोकळा जाड दोर आहे का. यादीत नांगर बहुतेकदा असतो. दोर कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं, तो ताब्यात घेतानाच लॉकर उघडायला लावून डोळ्यांनी बघा.