पावसाळी कातळ आणि हिवाळी कुसळे: ट्रेल रनिंगच्या दोन बुटांचा वापरानंतरचा अनुभव

माझे ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्याचे, बूट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडून नुकतेच जे उत्तर आले, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले. माझ्या उजव्या बुटाचा तळ अंगठ्याच्या बाजूने सुटला आहे, आणि त्यावर "बूट ओल्या परिस्थितीत वापरल्याने चिकटवण सैल झाली असून हा उत्पादनातील दोष मानता येणार नाही" असे मला कळवण्यात आले. ज्या बुटाच्या खोक्यावर चिखलाच्या आणि ओल्या वाटांसाठी असे ठळक छापले आहे आणि ज्याला मी साडेनऊ हजार रुपये मोजले, तो ओला झाला म्हणून हमी नाकारणे मला कोणत्याही अर्थाने मान्य नाही. प्रकरण अजून मिटलेले नसल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही, परंतु बूट निवडताना काय पाहावे हे सांगण्यासाठी नावाची गरजही नाही.

मी पुण्यात राहते. आठवड्यातले धावणे बहुतेक वेताळ टेकडीवर होते, सुट्टीच्या दिवशी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड किंवा कात्रज ते सिंहगड रांगेचा एखादा टप्पा, आणि थंडीत राजगड-तोरणा. या सर्व ठिकाणी एकाच धावेत चार प्रकारची जमीन पायाखाली येते: पायथ्याला शेताच्या बांधाचा चिखल, मधल्या चढावर मुरूम, माथ्याजवळ उघडा कातळ आणि उतरताना घसारा, म्हणजे सुट्या खड्यांचा घसरडा उतार. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'मऊ जमिनीसाठी' आणि 'कठीण जमिनीसाठी' अशी जी विभागणी असते, ती सह्याद्रीत तासाभरातच मोडते. त्यामुळे मी दोन जोड घेतले. पहिला सहा मिलिमीटर लगचा (लग म्हणजे तळावरचे रबरी उंचवटे), पावसाळ्यासाठी. हाच तो साडेनऊ हजारांचा. दुसरा साडेतीन मिलिमीटर लगचा, मागील वर्षीचे मॉडेल असल्याने बावन्नशे रुपयांत मिळालेला, उन्हाळ्यासाठी आणि टेकडीसाठी.

पावसाळ्यात ही वाटणी पूर्णपणे उलटी झाली. सहा मिलिमीटरचे लग भातखाचरांच्या बांधावर आणि गडाच्या पायथ्याच्या लाल चिखलात अप्रतिम चालले. लगमधील अंतर मोठे असल्यामुळे माती साचून राहत नाही, दोन-चार पावलांत झडून जाते, आणि चढावर पाय मागे सरकत नाही. परंतु गडाच्या वाटेवर चिखल असतो तो निम्म्यापर्यंत, त्यानंतर कातळ सुरू होतो. आपला कातळ म्हणजे बेसॉल्ट, बारीक कणांचा. वर्षानुवर्षे माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला आणि जुलैपासून शेवाळाने माखलेला. त्यावर उंच आणि विरळ लग म्हणजे दगडाला टेकणारे रबर कमी, शिवाय वजन पडले की ते लग वाकतात आणि पाऊल स्थिर राहत नाही. वेल्ह्याकडून तोरण्याला जाताना रेलिंग लावलेला जो कातळाचा टप्पा आहे, तेथे मला दोन्ही हातांनी रेलिंग धरून अक्षरशः बसत उतरावे लागले, आणि माझ्या शेजारून साध्या ट्रेकिंगच्या बुटात एक आजोबा सहज उतरून गेले.

याचे कारण रबरात आहे. ओल्या दगडावर पकड लगच्या उंचीने मिळत नाही. रबर किती मऊ आहे आणि ते दगडाच्या बारीक खडबडीत किती बसते, यावर ती ठरते. १९३७ साली इटलीत विताले ब्रामानी यांनी खिळे ठोकलेल्या गिर्यारोहणाच्या बुटांऐवजी खाचांचा रबरी तळ आणला आणि त्यातून व्हायब्राम ही बुटांचे तळ बनवणारी कंपनी उभी राहिली. तेथेही नक्षीइतकेच रबराला महत्त्व होते, आणि आजही ही कंपनी ओल्या खडकासाठी मेगाग्रिप नावाचे मिश्रण वेगळे विकते. महागडा तळ नसला तरी चालेल, पण दुकानात उभे राहून अंगठ्याचे नख लगमध्ये दाबून पाहावे. नखाचा वळ उमटून हळूहळू भरून आला, तर रबर मऊ आहे. नख नुसते घसरले, तर तो जोड पावसाळी कातळासाठी घेऊ नये, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. आपल्याकडील जुने ट्रेकर वर्षानुवर्षे अॅक्शनचे स्वस्त ट्रेकिंग बूट घालून कातळावर निर्धास्त चालत आले, त्यामागेही रबराचीच पुण्याई आहे. ते बूट चालण्यासाठी आहेत, धावण्यासाठी नाहीत, एवढाच फरक.

माझ्या बावन्नशे रुपयांच्या जोडाचे रबर नखाला दबते. ऑगस्टपासून गडावर तोच घालू लागले आणि उतरतानाची भीती बरीच कमी झाली. शेवाळाच्या जाड थरावर कोणतेच रबर धरत नाही, तेथे वाटेच्या कडेच्या गवतात पाय टाकणे हाच उपाय आहे. पण नुसत्या ओल्या कातळावर फरक पहिल्या पावलाला कळतो. मऊ रबराची किंमत झिजेच्या रूपाने द्यावी लागते. दिवाळीत रत्नागिरीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, धावले, तेव्हा टाचेकडील लग किसणीवर घासल्यासारखे गोल झाले. जांभ्यावर नियमित धावणाऱ्यांनी थोडे कठीण रबर घेतलेले परवडेल.

जलरोधक पडद्याचे बूट घ्यावेत का, असे मला अनेकांनी विचारले. सह्याद्रीतील पावसासाठी माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. येथे पाणी कापडातून झिरपत येत नाही, ते ओढा ओलांडताना घोट्यावरून आत येते, आणि एकदा आत आले की तो पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. साध्या जाळीच्या बुटातून ते थोड्याच अंतरात निथळून जाते. माझ्या दोन्ही जोडांना साधी जाळी आहे आणि पावसाळाभर मी त्या जाळीवर अतिशय खूश होते.

त्यानंतर ऑक्टोबर संपला, गवत वाळले आणि कुसळांचा हंगाम सुरू झाला.

बुटांची परीक्षणे लिहिणारे लोक या विषयावर एक ओळही लिहीत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे. टाच आणि चवडा यांच्या उंचीतील चार मिलिमीटर आणि आठ मिलिमीटरच्या फरकावर पानेच्या पाने लिहिली जातात. मला तो फरक पहिल्या आठवड्यानंतर जाणवलाही नाही. पण नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे आपल्याकडील धावण्याच्या सर्वांत सुंदर दिवसांत, मला दर धावेत थांबून बूट काढायला लावले ते कुसळांनी. डिसेंबरमध्ये होणारी सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा ही लांब पल्ल्याची शर्यत नेमकी याच दिवसांत आणि याच गवतातून जाते. कात्रजच्या रांगेवर पायवाट एका पावलाएवढी अरुंद असते आणि दोन्ही बाजूंनी गुडघाभर कुसळी गवत वाटेवर झुकलेले असते. तेथून पंधरा मिनिटे धावल्यानंतर बूट पाहिला, तर जाळीचा मूळ रंग दिसत नाही.

कुसळ नुसते चिकटत नाही, ते आत शिरते. त्याचे बियाकडील टोक सुईसारखे असते, त्यावर मागे वळलेले राठ केस असतात, आणि मागे पिळाची लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या वळण्यातून बी जमिनीत रुजायला आत सरकते. मेंढ्यांच्या लोकरीतून ते कातडीपर्यंत पोहोचते, मग घामाने ओल्या झालेल्या मोज्याची काय कथा? बाहेरून शेपटी धरून ओढले की शेपटी हातात येते आणि टोक कापडातच राहते, कारण ते केस उलट दिशेला अडतात. काढायचे असेल तर बुटात हात घालून, आतून चिमट्याने टोक धरून, ते ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने पूर्ण ओढून घ्यावे लागते. चवड्याच्या वर, जेथे जाळीच्या दोन थरांमध्ये पातळ फोम आहे, तेथे अडकलेले टोक आतूनही दिसत नाही. ते फक्त पळताना करंगळीला टोचते. बूट धुतल्यावरही ती टोके निघत नाहीत, उलट भिजल्याने आणखी खोल जातात.

दोन जोडांत येथे मोठा फरक निघाला. साडेनऊ हजारांच्या जोडाची जाळी मोठ्या छिद्रांची आहे, म्हणूनच तो जुलैत लवकर निथळत होता; त्याच छिद्रांतून कुसळ सरळ आत जाते. बावन्नशेच्या जोडाचे कापड घट्ट विणीचे, किंचित चकचकीत आहे, आणि त्यावर कुसळे बसली तरी हात फिरवल्यावर बरीच गळून पडतात. शिवाय त्याची लेसखालची जीभ दोन्ही बाजूंनी आत शिवलेली आहे. महागड्या जोडाची जीभ सुटी असून ती धावताना बाहेरच्या बाजूला सरकते आणि त्या फटीतून मुरूम व कुसळे दोन्ही आत येतात. जीभ शिवायला कारखान्यात कितीसा खर्च येत असेल? एवढ्या किमतीच्या बुटात ही काटकसर मला अजिबात पटलेली नाही.

मोज्यांवर जुने मोजे कापून चढवणे, लेसवर चिकटपट्टी लावणे, हे सर्व करून पाहिले. लोकरी किंवा सुती कापडावर कुसळे जास्तच बसतात. शेवटी मोडलेल्या छत्रीचे कापड घेऊन गल्लीतील शिंपीदादांकडे गेले आणि त्यांच्याकडून घोट्यापासून लेसपर्यंत येणारे गेटर, म्हणजे बुटाचे तोंड झाकणारे आवरण, शिवून घेतले: वर इलॅस्टिक, पुढे लेसमध्ये अडकवायला एक छोटा हूक, मागे टाचेला वेल्क्रो. छत्रीचे कापड इतके गुळगुळीत आणि घट्ट विणीचे असते की कुसळाचे टोक त्यात रुततच नाही. शिलाईचे शंभर रुपये घेतले. दुकानात मिळणारे ताणले जाणारे गेटर याच्या कितीतरी पट महाग असून त्यांचे कापड कुसळांना छान धरून ठेवते.

हे लिहीत असतानाच महागड्या जोडाबद्दलचे माझे मत थोडे नरमले आहे, हे नोंदवले पाहिजे. गेटर लावल्यानंतर जिभेची फट झाकली जाते आणि मुरूम आत येणे जवळपास थांबते. कोरड्या घसाऱ्यावर, विशेषतः तोरण्याच्या बुधला माचीकडून राजगडाच्या संजीवनी माचीच्या दिशेने जाताना जे तीव्र उतार लागतात तेथे, सहा मिलिमीटरचे लग खरोखर उपयोगी पडतात. सुट्या खड्यांखालच्या मातीपर्यंत ते पोहोचतात आणि पाय थांबतो. पावसाळ्याचा म्हणून विकला गेलेला हा जोड सह्याद्रीत कोरड्या घसाऱ्याचा आणि शेतातल्या चिखलाचा आहे. चवड्याला जागाही त्यातच जास्त आहे, आणि लांब उतारावर नखे काळी होणाऱ्यांना त्याचे मोल कळेल. दोन्ही जोड मी नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या क्रमांकाने मोठे घेतले आहेत, आणि तसेच घ्यावेत असे माझे मत आहे.

मात्र तळ सुटला तो याच जोडाचा. तो मी कधीही उन्हात वाळवला नाही. दर वेळी आतला सुटा तळवा काढून, वर्तमानपत्र कोंबून, पंख्याखाली ठेवला. तरीही पहिल्या उत्तरात उन्हात वाळवल्याचा आरोप होता, दुसऱ्यात पाण्याचा. विक्रेता म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे विक्रेत्याकडे जा. सहा महिन्यांच्या हमीतले दिवस या टोलवाटोलवीत जाऊ लागले, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र लगेच दूरध्वनी आला आणि निम्म्या किमतीचे कूपन देऊ करण्यात आले, तेही फक्त सवलत नसलेल्या नव्या मालावर चालणारे. म्हणजे त्यांच्या दोषापायी मी आणखी पाच हजार खर्च करायचे.

तोपर्यंत बूट पडून राहू नये म्हणून चौकातील चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी आधी जुनी चिकटवण कानशीने खरवडून काढली, सोल्यूशन लावून ते बोटाला न चिकटण्याइतके सुकू दिले, मग दाबून बसवले. एवढ्यावर न थांबता त्यांनी तळाच्या कडेने रापीने बारीक खाच पाडली आणि आरीने मेणाचा दोरा त्या खाचेत बसवत पुढून शिवण घातली, म्हणजे दोरा जमिनीला घासून तुटणार नाही. दीडशे रुपये घेतले. त्यानंतर त्या बुटाने सिंहगडही केला आणि राजगडही. शिवण जागची हललेली नाही. डावा बूट अजून शाबूत असला तरी त्यालाही तशीच शिवण घालून घेतली.

पुढच्या खरेदीत मी पुढचा भाग शिवलेला, घट्ट विणीचा, आत शिवलेल्या जिभेचा, चार ते पाच मिलिमीटर लगचा आणि नखाला दबणाऱ्या रबराचा जोड शोधणार आहे. एकच जोड घेऊ शकणाऱ्यांनीही हेच माप धरावे. कूपन मी स्वीकारलेले नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून खोक्यावरील मजकुराची छायाचित्रे, पावती आणि त्यांची दोन्ही परस्परविरोधी उत्तरे जोडून अर्ज तयार करत आहे. दुरुस्तीच्या दीडशे रुपयांची पावतीही काकांकडून लिहून घेतली आहे.