ऑक्सिजन नको म्हणणारे: कट्टर वि. जुळवून घेणारे

ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू सगळे एकाच माळेचे मणी वाटतात, पण तसं नाहीये. धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटानी म्हणजे कट्टर, हवा लागली की वाढ बंद, कारण ऑक्सिजनपासून होणारे घातक रेणू निस्तरायला लागणारी एन्झाइम्स त्याच्याकडे पुरेशी नसतात, मग काय, बीजाणू (कठीण कवचातलं सुप्त रूप) होऊन मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो आणि खोल जखम मिळाली की जागा होतो. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा मात्र दोन्ही डगरींवर हात! ऑक्सिजन असला की श्वसन, नसला की फर्मेंटेशन (ऑक्सिजनशिवाय साखर मोडून ऊर्जा मिळवणं). यीस्टचंही तेच (ती बुरशी आहे, पण असो). फर्मेंटेशनमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूमागे जेमतेम २-३ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, ऑक्सिजनवर कितीतरी जास्त. हुशार ई. कोलायच, पण चिवटपणात टेटानीचा हात कोण धरणार?